डिस्क वाकली, हे कशावरून?

ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांखाली धकधक करायला लागला, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं: "डिस्क वाकलीय, बदलावी लागेल." नाना पेठेतून नवी डिस्क येते, तासाभरात बसते, धकधक थांबते. पैसे वसूल. धकधक थांबली म्हणजे जुनी डिस्क वाकलेलीच होती, असं मेकॅनिक धरून चालतो आणि गाडीवालाही.

ही शेवटची उडी तपासण्यासारखी आहे. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर ठरत नाही. मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी हे आपण सगळेच पाठ करतो, पण ते डोक्यात बसतं हात काळे केल्यावर. माझ्या एका मित्राच्या दीडशे सीसी गाडीला वर्षभरात दुसऱ्यांदा पुढची डिस्क लागायची वेळ आली, तेव्हा आम्ही ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायची ठरवली. आणि खोलायच्या आधी मोजायचं, हेही ठरवलं.

डिस्क बदलताना नेमकं काय काय बदलतं ते बघा. डिस्क नवी येते. पॅडही नवे येतात, कारण जुने पॅड जुन्या डिस्कच्या झिजेप्रमाणे घासले गेलेले असतात. चाक काढल्यामुळे एक्सल पुन्हा आवळला जातो. कॅलिपर हातात आलाच आहे म्हणून त्याच्या पिना साफ होतात, ग्रीस लागतं. डिस्क जिथे टेकते तो हबचा भाग कदाचित पुसला जातो. बोल्ट नव्याने आवळले जातात. पाच-सहा गोष्टी एका दमात. आता धकधक थांबली तर श्रेय कुणाचं? अडकलेली पिन मोकळी झाल्यामुळे थांबली असेल, तर डिस्कचे पैसे उगाच गेले. मूळ कारण हबवरचा गंज असेल आणि तो पुसलाच नसेल, तर नवी डिस्कही काही महिन्यांत जुनीच्याच वाटेने जाणार.

यावर कुणीही म्हणेल, मग एका वेळी एकच गोष्ट बदला ना. प्रयोगशाळेत तसंच करतात. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, 1966 पासून वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था. तशा ठिकाणी इनर्शिया डायनॅमोमीटरवर एकच गोष्ट बदलून तेच ब्रेकिंग शंभर वेळा करता येतं. पण नव्या डिस्कवर मुद्दाम जुने पॅड ठेवून नवले पुलाच्या उतारावर "बघू काय होतं" म्हणायचं नसतं. सुरक्षिततेसाठी सगळं एकदम बदलणंच योग्य. म्हणजे इथे एकेक घटक वेगळा करायची मुभा नाही, आणि बदलताना जुना पुरावाही जातो. मग कारण शोधायची एकच जागा उरते: खोलायच्या आधी. मेडिकल, शेती, समाजशास्त्र, कुठल्याही क्षेत्रात जिथे माणसाच्या जिवाशी खेळता येत नाही, तिथे हाच पेच असतो.

आता "वाकली" या शब्दाकडे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली, डिस्क फिरताना तिची कड डावी-उजवीकडे डोलते. याला रनआउट म्हणतात. दुसरी, डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसते. बघायला दोन्ही एकच वाटतात, पण लिव्हरपर्यंत पोचायची त्यांची वाट वेगळी आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटरसायकलींचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. डिस्क नुसती डोलत असेल तर कॅलिपरही तिच्यासोबत सरकतो. दोन पॅडमधलं अंतर तेच राहतं, त्यामुळे ऑइल मागे ढकललं जात नाही, लिव्हर शांत. पण डिस्कचा जाड भाग पॅडमध्ये शिरला की अंतर वाढावंच लागतं. पिस्टन मागे जातो, ऑइल मागे जातं, लिव्हर बोटांना ढकलतो. पातळ भाग आला की उलट. चाकाच्या दर फेऱ्याला हेच. सतरा इंची चाकाचा परीघ जवळपास 1.9 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटरला सेकंदाला साधारण सहा फेरे, 20 ला तीन. धकधक वेगाबरोबर अशी बदलत असेल तर तिचा उगम चाकात किंवा डिस्कमध्ये आहे. ब्रेक लावल्यावर हँडल हलतं पण लिव्हर मात्र गप्प असेल, तर आधी हँडलचा कोनसेट आणि चाकाचे बेअरिंग बघा. एक पैसा खर्च न करता संशयितांची यादी अर्ध्यावर येते.

म्हणजे रनआउट निर्दोष का? तसंही नाही, आणि मला या विषयात सगळ्यात आवडणारा भाग इथेच आहे. ब्रेक सोडलेला असताना डोलणारी डिस्क दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला पुसटशी घासते. पिना ग्रीसविना घट्ट झाल्या असतील तर जास्तच. हजारो किलोमीटर असं चाललं की तेवढ्या जागा झिजून पातळ होतात. आज बसवताना राहिलेला डोल काही महिन्यांनी जाडीतला फरक होऊन लिव्हरवर येतो. कारण आणि लक्षण यांच्यात इतकं अंतर पडलं की आपण कारण विसरतो आणि "डिस्कच हलकी होती" म्हणून मोकळे होतो.

मोजायचं कसं? जाडीसाठी व्हर्नियर नको. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली पट्टी राहते. व्हर्नियरचे सपाट जबडे त्या पट्टीवर टेकतात आणि झिजलेली डिस्क नव्यासारखी जाड दाखवतात. ही चूक दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी जात नाही, कारण दहाही वेळा ती त्याच दिशेने होते. मायक्रोमीटर घ्या, त्याचं टोक घासल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या मध्यावर टेकवा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नशीब असेल तर वापरलेला चांगला मायक्रोमीटर मिळतो. त्याला शून्याची चूक असली तरी जाडीतला फरक बरोबरच येतो, कारण वजाबाकीत ती चूक उडून जाते. मात्र डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी तुलना करायची असेल तेव्हा ती उडत नाही, तेव्हा दुरुस्ती करायलाच हवी. उपकरण तेच, चूक तीच. प्रश्न बदलला की तिचं महत्त्व बदलतं.

डिस्कवर मार्करने आठ जागा आखा आणि तीन फेऱ्या मोजा. आकडे दुसऱ्याने लिहायचे, मोजणाऱ्याने आधीचे बघायचे नाहीत. नाहीतर दुसऱ्या फेरीत हात आपोआप पहिल्या आकड्याकडे झुकतो. त्याआधी एकाच जागेवर दहा वेळा मोजून घ्या. साध्या मायक्रोमीटरचं लघुतम माप 0.01 मिमी असतं, आणि मोटारींच्या बाबतीत 0.015-0.02 मिमीचा फरकही पेडलला जाणवू शकतो असं मानतात. म्हणजे आपण शोधतोय ती गोष्ट उपकरणाच्या उंबरठ्यावरच उभी आहे. समजा, एकाच जागेवर तुमचे आकडे 0.02 ने मागेपुढे होतायत आणि आठ जागांत फरकही 0.02 च दिसतोय. मग तुम्हाला काही सापडलेलं नाही. फरक 0.06 आला आणि तिन्ही फेऱ्यांत तीच जागा पातळ निघाली, तर बोलता येईल.

रनआउटसाठी डायल गेज लागतो. इथे एक गंमत होते: मॅग्नेटिक स्टँड फोर्कच्या खालच्या नळीला चिकटतच नाही, कारण ती ॲल्युमिनियमची. सी-क्लॅम्पने पट्टी बांधून त्यावर गेज बसवावा लागतो. चाक धरून आडवं हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही हे आधी बघा, नाहीतर डिस्कच्या नावावर बेअरिंगचा डोल मोजाल. मर्यादा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायची. बऱ्याच गाड्यांना ती 0.2-0.3 मिमीच्या आसपास असते.

आणि उष्णतेने वाकण्याचं काय? हिशोब करू. गाडी आणि स्वार मिळून 220 किलो, वेग ताशी 60. गतिज ऊर्जा साधारण 30 किलोज्यूल. त्यातली 70 टक्के पुढच्या एक किलोच्या स्टीलच्या डिस्कमध्ये गेली, तरी एका थांब्याला तापमान 45 अंशांच्या आसपासच वाढेल. शहरात याने डिस्क वाकत नाही. पण सिंहगडाचा घाट उतरताना अंदाजे 600 मीटर खाली येतो असं धरा. ती ऊर्जा जवळपास 1300 किलोज्यूल, म्हणजे ताशी 60 वरून बेचाळीस-त्रेचाळीस वेळा थांबण्याइतकी. त्यातला मोठा वाटा इंजिन आणि हवा घेते, पण गाडी न्यूट्रलला टाकून उतरणाऱ्याचं इंजिन काहीच घेत नाही. डिस्क अशी तापलेली असताना खाली येऊन ब्रेक दाबून उभं राहिलं, की पॅडचा थर त्याच जागी छापल्यासारखा बसू शकतो. मग डिस्क सरळ असूनही तेवढी जागा वेगळी पकडते, आणि त्यालाही लोक "वाकली"च म्हणतात.

तापण्याची एक जास्त गुंतागुंतीची गोष्टही आहे. 1948 मध्ये पार्कर आणि मार्शल यांनी रेल्वेच्या ब्रेकवर ठिपक्यांसारख्या अतितप्त जागा पाहिल्या होत्या. त्यांचं गणित 1969 मध्ये जे. आर. बार्बर यांनी रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये मांडलं. जराशी उंच जागा जास्त दाब घेते, म्हणून जास्त तापते, म्हणून फुगते, म्हणून आणखी उंच होते. ठरावीक वेगापुढे हे चक्र स्वतःला आवरत नाही. ट्रायबॉलॉजीत शिरायचं असेल तर वाचायला सुरुवात इथून करा.

आता प्रत्यक्ष बदल. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा. सायलेन्सरच्या पाइपवर भार येऊ देऊ नका. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. चाक निघाल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतो. पॅडमध्ये पुठ्ठा खोचला की निश्चिंत. एबीएसवाली गाडी असेल (125 सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या दुचाकींना ते 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचं आहे) तर सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग जपा.

डिस्कच्या बोल्टना बहुतेकदा लॉकटाइट असतं. थेट जोर लावला तर आलन-कीचं भोक गोल होतं आणि मग दिवस जातो. हॉट-एअर गनने बोल्ट तापवा, की नीट ठोकून बसवा, मग फिरवा.

आणि आता हब. वेळ घालवायचा तर इथेच. समजा, डिस्क टेकते त्या भागाचा व्यास 80 मिमी आहे आणि डिस्कचा 240. एका कडेला 0.05 मिमी गंज राहिला, म्हणजे कागदाच्या अर्ध्या जाडीइतका, तर डिस्कच्या कडेला तो तिप्पट होऊन 0.15 मिमी डोल देतो. मित्राच्या हबवर बोल्टच्या एका भोकाभोवती असाच गंजाचा उंचवटा होता. पहिल्या वेळी डिस्क त्याच्यावरच बसवलेली. बारीक पॉलिशपेपर, मग कपडा, मग बोट फिरवून बघायचं.

नवी डिस्क बाणाच्या दिशेने ठेवा, बोल्ट समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळा, आकडा मॅन्युअलमधला. डिस्क आयसोप्रोपिलने पुसा; बोटांचं तेलही नको. पिस्टन मागे ढकलताना वरच्या डबीतलं ऑइल चढतं, रंगावर सांडलं तर रंग जातो. चाक बसलं की गाडी जागेवरून हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पहिला दाब सरळ हँडलला टेकतो, आणि हे गेटबाहेर कळलं तर फार उशीर झालेला असतो. लिव्हर कडक होत नसेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, जाणकार मेकॅनिकला बोलवा.

मग पुन्हा डायल गेज. आमच्या वहीत दोन रकान्यांच्या मध्ये "हब साफ करण्यापूर्वी" आणि "नंतर" असं लिहिलंय. त्यासाठी जुनीच डिस्क हब घासल्यावर एकदा परत बसवून डोल मोजला. गाडी स्टँडवरच असल्याने धोका काहीच नव्हता, आणि सगळ्या दिवसात एकच गोष्ट बदलून मोजलेलं तेवढंच एक माप होतं. डोल निम्म्याहून खाली आला. जाडीतला फरक अर्थातच तसाच राहिला, म्हणून डिस्क बदलणं भागच होतं. पहिले वीस-तीस थांबे मोकळ्या रस्त्यावर हलक्या हाताने घ्यायचे, मध्ये डिस्क गार होऊ द्यायची. पुढचं माप हजार किलोमीटरला, त्याच आठ जागांवर, त्याच मायक्रोमीटरने.