ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल इंजिन चालू ठेवून का मोजतात?

धुळे-सोलापूर महामार्गावरचा मांजरसुंब्याचा घाट असो की धारूरचा, हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की गाडी रांगतच वर चढते. क्लच दाबायचा नसल्याने ऑटोमॅटिक गाडीचा ड्रायव्हर निवांत असतो, पण त्याच वेळी गिअरबॉक्समधलं ऑइल जोरात तापत असतं. घाट संपल्यावर कुणीतरी बॉनेट उघडतो, इंजिन ऑइलसारखीच पट्टी ओढून बघतो आणि नको तो निष्कर्ष काढतो.

पण आधी हे बघा, की तुमची गाडी कोणती ऑटोमॅटिक आहे? २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि कमी किमतीतल्या ऑटोमॅटिक गाड्या गावोगावी दिसू लागल्या. यातल्या बऱ्याच गाड्या एएमटी असतात. म्हणजे गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. अशी गाडी असेल तर सर्व्हिसिंगला ऑइल बघून घ्या, बाकी कटकट नाही. पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी आहे.

या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दुवा म्हणजे हे ऑइलच. एक पंप ते दाबाने फिरवतो, त्याच दाबावर आतले क्लच घट्ट बसतात आणि गिअर बदलतात. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि वर फिरणारं ऑइल हळूहळू खालच्या टाकीत उतरतं. तेव्हा पट्टी बघितली तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून बहुतेक कंपन्या इंजिन चालू ठेवून मोजायला सांगतात. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र उलटं आहे, तिथे इंजिन बंद करून मिनिटभरात मोजायचं असतं. त्यामुळे मॅन्युअल बघितल्याशिवाय पट्टीला हात लावू नये.

दुसरी भानगड तापमानाची. ऑइल तापलं की फुगतं. पट्टीवर म्हणूनच थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. गरम खूण साधारण ७० ते ८० अंशांसाठी असते, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवल्यावर. घाट चढून किंवा मे महिन्याच्या उन्हात लांबून आल्या आल्या मात्र मोजू नका, ऑइल त्याहून तापलेलं असतं. अर्धा तास गाडी उभी करा, मग पुन्हा इंजिन सुरू करून बघा.

मोजताना गाडी सपाट जागेवर हवी. हँडब्रेक लावा, पायाने ब्रेक दाबून गिअर पी पासून प्रत्येक जागेवर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत पी वर आणा. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. पुसायला धागे न सुटणारं फडकं घ्या. गॅरेजमधल्या कॉटन वेस्टचा एक धागाही आतल्या बारीक मार्गात अडकू शकतो. इंजिन चालू असतं, तेव्हा ओढणी, पदर, सैल बाही फॅनपासून लांब.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पट्टीच नसते. तिथे गाडी सपाट उचलून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत, कंपनीने दिलेल्या अंशांवर खालचा बोल्ट उघडतात. बारीक धार थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. हे काम घरी करण्यासारखं नाही. मेकॅनिककडे स्कॅनर नसेल आणि तो अंदाजाने बोल्ट उघडत असेल, तर त्याला थांबवलेलं बरं.

ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. दोन्हींत ऑइलमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात, दाब पडतो, क्लच घसरतात. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. लक्षण एकच असल्याने 'कमी झालं असेल, अजून ओता' हा सल्ला धोक्याचा ठरतो. आणि गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, की अनेक गाड्यांत खर्च लाखाच्या पुढे जातो.

पट्टीवर रंगही बघा. नवं ऑइल बहुधा लाल असतं, गळती इंजिन ऑइलपेक्षा वेगळी ओळखू यावी म्हणून. काळपट आणि करपल्याचा वास म्हणजे क्लच जळाले. गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात रेडिएटरचं पाणी मिसळलंय, कारण अनेक गाड्यांत हे ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरमधूनच जाते. कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतत राहिलं तर रेडिएटर आतून सडतो आणि ही वेळ येते. तेव्हा गाडी जागेवरच बंद करून टोचन लावून न्या, आणि तेही चाकं उचलून किंवा ट्रकवर चढवून.

हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. लेव्हल उतरली म्हणजे कुठेतरी गळतंय. त्यामुळे मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडं-थोडं, पाव लिटरच्या आत घालत मोजा, आणि गाडी जिथे रात्री उभी असते तिथल्या फरशीवर लाल डाग शोधा.