पंचवीस मीटरचा नेम

स्कोपच्या माथ्यावर उंच, काळा, उघडा नॉब होता. फिरवला की बोटांना प्रत्येक टिचकी स्पष्ट जाणवायची. कडेने पांढऱ्या रेघा आणि आकडे. शिकारी रायफलसाठी बनवलेला हा स्कोप कुणा हितचिंतकाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका वन्यप्राणी बचाव दलाला भेट दिला होता, डार्टच्या बंदुकीवर बसवा म्हणून. दलाने तो काही दिवस वापरला, मग उतरवून खोक्यात ठेवला. ओळखीच्या एका पशुवैद्यकाकडून हे कळले आणि मला राहवेना. महागाची, अचूक वस्तू हातात असताना ती बाजूला ठेवणाऱ्यांना काहीतरी पक्के माहीत असणार. म्हणून त्यांच्या सरावाला गेलो.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला, धान कापून झालेल्या बांधीत सराव चालतो. धुऱ्याच्या कडेला मोहाचे झाड, त्याखाली तणस गच्च भरलेले पोते आडवे टाकलेले. पोत्यावर कोळशाने दोन वर्तुळे काढलेली, एक मांडीचे आणि एक खांद्याचे. बाकीचे पोते म्हणजे चुकीची जागा. छातीत डार्ट गेला तर फुप्फुसाला इजा, पोटात गेला तर आतड्याला. औषध भरून न्यायचे ते दाट स्नायूत, आणि असा स्नायू बिबट्याच्या अंगावर तळहातापेक्षा फार मोठा मिळत नाही.

नेम धरणारा वनरक्षक चाळिशी ओलांडलेला. सगळे त्याला भाऊ म्हणतात, वयाने मोठा असलेला वनपालसुद्धा. बंदूक हातात घेण्याआधी तो पोत्याकडे पाहतच नाही. जमिनीकडे पाहतो. पायापासून पोत्यापर्यंतची जमीन नजरेने तुकड्या-तुकड्याने मोजत जातो आणि मोठ्याने आकडा सांगतो. "पंचवीस." मागे उभा असलेला पोरगा लेझरच्या अंतरमापकातून बघून खरे अंतर सांगतो. "चोवीस, भाऊ." मग पुढचे सगळे. बंदूक उचलण्याआधीचा हा क्षण मी पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. नेमबाजी म्हणून आपण जे समजतो ते यानंतर सुरू होते, पण काम इथेच झालेले असते.

डार्टची बंदूक म्हणजे रायफल नव्हे. दिसते तशी, खांद्याला लावतात तशी, पण आत दारू नाही. डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्टसारख्या बंदुका कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर चालतात. नळीचा व्यास ११ किंवा १३ मिलिमीटर, बाजूला दाब दाखवणारा काटा आणि दाब कमी-जास्त करायची चावी. तिच्यातून सुटतो तो डार्ट म्हणजे उडते इंजेक्शन. पुढे सुई, मध्ये औषध, मागे दाबून भरलेली हवा, शेपटीला रंगीत झुबका. सुईचे भोक टोकाला नसून बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की नळी मागे सरकते, भोक उघडते, मागची हवा औषधाला आत ढकलते. बार उडत नाही, फक्त फुस्स होते आणि क्षणभराने पोत्यावर थप्प.

त्या दोन आवाजांच्या मधली फट कानाला स्पष्ट कळते, आणि उंच नॉबचा सगळा प्रश्न त्या फटीत आहे.

थर्टी-ओ-सिक्स शिकारी रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने निघते. पंचवीस मीटर जायला तिला सेकंदाचा तिसावा भागही पुरतो, आणि तेवढ्या वेळात ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली येते. डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर धरू. हवेचा अडथळा सोडून दिला तरी पंचवीस मीटर जाईपर्यंत तो ८५ सेंटिमीटर पडतो. म्हणून बंदूक वीस मीटरला 'झिरो' केली, म्हणजे वीस मीटरवर नेम धरला तिथेच डार्ट लागेल अशी बसवली, आणि जनावर पंचवीसवर निघाले, तर डार्ट १७ सेंटिमीटर खाली लागेल. तिसावर असेल तर ४० सेंटिमीटर खाली. बिबट्याच्या मांडीवर धरलेला नेम चाळीस सेंटिमीटर खाली कुठे जातो ते सांगायला नको.

उघडा नॉब बनला तो नेमकी ही घसरण भरून काढायला. अंतर वाढले की नॉब फिरवा, नेमाची रेघ सरकेल, नळी तेवढी वर उचलावी लागेल, गोळी जागेवर जाईल. पण त्याचे माप दूरच्या मारासाठी आहे. एका टिचकीला नेम १०० मीटरवर एक सेंटिमीटर सरकतो, हे आजकालचे एक नेहमीचे माप. तीच टिचकी पंचवीस मीटरवर अडीच मिलिमीटर. १७ सेंटिमीटर भरून काढायचे तर ६८ टिचक्या. पुष्कळ नॉबांचा एक पूर्ण फेरा पन्नास टिचक्यांचा असतो, म्हणजे एक फेरा संपून दुसऱ्यात शिरावे लागते. विहिरीच्या काठाशी बिबट, मागे गाव गोळा झालेले, आणि माणूस अडुसष्ट मोजतो आहे. हे होत नाही.

युरोप-अमेरिकेत शिकारीसाठी स्कोप घेणारा याच प्रश्नावर बराच खल करतो. उघड्या डोंगरात तीन-चारशे मीटरवरून नेम धरायचा तर उघडा नॉब हवा. टिचक्या जाड आणि ठाम हव्यात, हातमोजे घालूनही कळाव्यात. नॉब झिरोपाशी परत येऊन थांबावा म्हणून आत अटकाव हवा. आणि नॉबचे माप व भिंगातल्या रेघांचे माप एकच हवे, नाहीतर डोक्यात गणित करत बसावे लागते. दाट जंगलात मात्र झाकणाचा नॉब बरा, एकदा बसवला की हात लागून फिरत नाही. मला विचाराल तर शिकारीतही झाकणाचीच बाजू जड आहे. ज्याला नॉब फिरवून मारावे लागते तो बहुधा गरजेपेक्षा लांब उभा असतो, आणि लांबून जखमी झालेले जनावर झाडीत जाऊन मरते. भाऊंचे जंगल तर दाटच आहे. कमरेला लटकणाऱ्या वॉकीटॉकीला घासून नॉब चार टिचक्या सरकला तरी कुणाला कळत नाही.

भेट मिळालेल्या स्कोपला आणखी एक अडचण होती. शिकारी स्कोपची भिंगे पुष्कळदा १०० यार्डांसाठी लावलेली असतात. जवळच्या वस्तूवर चित्र धूसर होते आणि डोळा जरा हलला की नेमाची रेघही पोत्यावर हलते. एअरगनसाठी बनवलेल्या काही स्कोपमध्ये पुढचे भिंग दहा यार्डांपर्यंत जुळवता येते. स्कोप हवाच असेल तर तसला, कमी मोठा करून दाखवणारा, झाकणाच्या नॉबचा. दलाच्या बंदुकीवर आज आहे तो तसाच आहे, जुना आणि ओरखडे पडलेला. त्याचा नॉब कुणी फिरवत नाही. अंतर बदलले की वायूचा दाब बदलायचा. बंदुकीच्या दांड्याला चिकटपट्टीने तक्ता लावला आहे. एवढ्या मिलिलिटरचा डार्ट, एवढे अंतर, एवढा दाब. डार्टमध्ये औषध जास्त तर वजन जास्त, म्हणून दाबही वेगळा.

दाब बदलण्याचा दुसरा अर्थ मला तिथेच कळला. नॉब फिरवून नेम सुधारता येतो, पण डार्टचा मार तोच राहतो. तिसाचा दाब भरून पंधरावरच्या बिबट्याला डार्ट मारला तर सुई स्नायू फाडून हाडाशी पोचते, हाड मोडूही शकते. कमी दाबाने मारला तर डार्ट उसळून खाली पडतो आणि बिथरलेले जनावर मोकळे सुटते. म्हणून आधी अंतर. भाऊ पशुवैद्यकांना म्हणाले ते मी लिहून घेतले: "पंचवीसच्या आत आला त मारतो, साहेब. नाही त वाट पाहतो."

पंचवीसच्या आत. दिवसभर हा आकडा कानावर येत राहिला. बंदूक याहून लांब डार्ट फेकते, पण पंचवीसच्या पुढे अंदाजातली प्रत्येक चूक महाग पडते. आणि झाडीत अंदाज चुकतोच. मोकळ्या बांधीत धुरे मोजता येतात. साज्याच्या आणि तेंदूच्या झाडोऱ्यात जनावर सावलीत बसलेले असले की लांब वाटते, उन्हात असले की जवळ. मध्ये एक वाळकी काडी आली तरी डार्टची दिशा फिरते. दुपारी सराव झाडोऱ्यात हलला तेव्हा भाऊंचे आकडे दोन-तीन मीटरने चुकू लागले. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि बराच वेळ नुसते अंतरच सांगत राहिले, पोरगा तपासत राहिला. एकही डार्ट न सोडता तासभर चाललेला हा नेमबाजीचा सराव होता. बाजूला पशुवैद्यक डार्ट धुऊन स्पिरिटने पुसत होते. स्पिरिट आणि ओल्या तणसाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

या कामावर किती अवलंबून आहे ते या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. शेजारच्या वडसा भागात ऑक्टोबर २०२२ मध्ये 'सीटी-१' वाघाला बेशुद्ध करून जेरबंद केले. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणली. असा प्रत्येक प्रवास एका डार्टने सुरू होतो. उलट बाजूही विसरता येत नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण गोळीने मेली आणि तिच्या अंगावरच्या डार्टचा प्रश्न पुढे चौकशीत गाजला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणे हेही शिकारीतच मोडते, म्हणून वाघ-बिबट्याला डार्ट मारायला मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. माणसाच्या जिवाला धोका ठरलेले जनावरही पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही अशी खात्री झाल्याशिवाय मारता येत नाही, असे तोच कायदा सांगतो. म्हणजे गोळीच्या आधी डार्टची पाळी आहे. ती पाळी वाया जाऊ नये, एवढ्यासाठी भाऊ जमिनीकडे बघत आकडे म्हणतात.

डार्ट लागल्यावरचे काम वेगळे. झायलाझिन आणि केटामाइनच्या मिश्रणाने जनावर लगेच पडत नाही. दहा-पंधरा मिनिटे शांतता लागते. आरडाओरडा झाला तर ते धावत सुटते, औषध चढायला वेळ लागतो, आणि अर्धवट गुंगीत ते विहिरीत किंवा बोडीत पडू शकते. शुद्धीवर आणायला उलट औषध तयार ठेवावे लागते. हे सगळे पशुवैद्यक करतात आणि चांगले करतात.

माझे मत ठरले आहे. बचाव दलाच्या बंदुकीवर उघड्या नॉबचा शिकारी स्कोप बसवू नये. वनखात्याला मदत म्हणून काही द्यायचे असेल तर चांगला अंतरमापक द्या आणि सरावाचे डार्ट द्या. भाऊंच्या दलात अंतरमापक एकच आहे आणि तो पोरग्याच्या हातात असतो. प्रत्यक्ष कामगिरीवर दोन बाजूंनी घेराव घालावा लागला की दुसऱ्या बाजूचा माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो.

आणि तुमच्या गावात बिबट शिरला तर एवढे करा. पंचवीस मीटर हे अंतर जनावर मिळू देते, ते शांत असेल तर. गाव गोळा झाले, पोरे मोबाइल घेऊन कौलांवर चढली, कुणी दगड भिरकावला, की ते मागे सरकते, झाडोऱ्यात घुसते आणि पंचवीसचे चाळीस होतात. मग वाट पाहण्याशिवाय काहीच हातात उरत नाही. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा, जनावर कुठे दिसले ते सांगा, गुरे आणि लेकरे आत घ्या आणि दल येईपर्यंत दार लावून बसा.