तोच प्रोग्राम, तेच मशीन, मग आठपट वेळ का?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेलवरून घेतलाय. ते एका छोट्या कारखान्याचा स्टॉकचा प्रोग्राम सांभाळतात. एका फाइलमधल्या हजार नोंदी उचलून दुसरीकडे टाकायला त्या प्रोग्रामला दोन सेकंद लागायचे. मशीनवर विंडोज १० चं १९०९ हे व्हर्जन होतं. अपडेट होऊन २२एच२ आलं, आणि त्याच कामाला जवळजवळ सोळा सेकंद लागायला लागले. कोडची एक ओळ बदललेली नाही. मालक म्हणतात, प्रोग्राम तुमचा, बिघाड तुमचा. दुरुस्त होईपर्यंत देखभालीचे पैसे थांबवलेत.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? अँटिव्हायरस बंद करून बघतात, रॅम वाढवतात, शेवटी विंडोज फॉरमॅट करतात. त्याआधी एकच गोष्ट करा. टास्क मॅनेजर उघडा आणि ते सोळा सेकंद चालू असताना प्रोसेसरचा वापर बघा. इथे तो शून्याच्या आसपास होता. म्हणजे प्रोग्राम काम हळू करत नव्हता, तो नुसता थांबून होता. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत.

आता साधा भागाकार करा. सोळा सेकंदांना हजार नोंदींनी भागलं की दर नोंदीला साधारण १५.६ मिलिसेकंद येतात. हा आकडा दिसला की मी तरी बाकी सगळं सोडून कोडमध्ये ‘स्लीप’ शोधतो. आणि तो सापडलाच. प्रत्येक नोंदीनंतर ‘स्लीप १’ लिहिलेलं होतं, म्हणजे एक मिलिसेकंद थांब. कुणीतरी कधीतरी स्क्रीन अडकू नये म्हणून टाकलेलं असणार.

१५.६ च का? विंडोजचं आतलं घड्याळ एरवी सेकंदाला ६४ ठोके देतं. दोन ठोक्यांमधलं अंतर १५.६२५ मिलिसेकंद. झोपलेल्या प्रोग्रामला ठोका पडला की मगच जाग येते. एसटीसारखं समजा. गाडी दर पंधरा मिनिटांनी आहे. तुम्ही म्हणालात की मी एकच मिनिट थांबणार, तरी पुढची गाडी येईपर्यंत स्टँडवरच उभं राहावं लागतं. आपला लूप तर ठोक्याबरोबर उठतो, क्षणात एक नोंद टाकतो आणि लगेच परत झोपतो. म्हणजे दर वेळी नुकतीच गाडी सुटलेली असते, आणि पूर्ण अंतर वाट्याला येतं.

मग आधी दोन सेकंदांत कसं व्हायचं? खरी गंमत इथे आहे. विंडोजमध्ये ‘टाइम-बिगिन-पीरियड’ नावाचं एक फंक्शन आहे. ते बोलावून प्रोग्राम सांगू शकतो की मला ठोके जवळजवळ हवेत, अगदी एक मिलिसेकंदावर. जुन्या व्हर्जनमध्ये ही मागणी सगळ्या मशीनला लागू व्हायची. ब्राउझरने किंवा गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामने ती केली, की शेजारच्या स्टॉकच्या प्रोग्रामलाही फुकटात जलद ठोके मिळायचे. तेव्हा ‘स्लीप १’ एक ते दोन मिलिसेकंदांत आटपायचा. हजार नोंदी, दोन सेकंद. हा वेग शेजाऱ्याकडून उसना आलेला होता.

२०२० च्या मे महिन्यात विंडोज १० चं २००४ व्हर्जन आलं (हे साल नव्हे हं, व्हर्जनचा नंबर आहे) आणि नियम बदलला. आता ज्याने मागितलं त्यालाच जलद ठोके. न मागणाऱ्याला शेजाऱ्याच्या मागणीचा फायदा नाही. बदल मला तरी योग्य वाटतो. ठोके जास्त म्हणजे प्रोसेसरला विश्रांती कमी, आणि लॅपटॉपची बॅटरी उगाच खर्च. ब्रूस डॉसन या प्रोग्रामरने २०१३ मध्येच या वीज वाया जाण्यावर लिहिलं होतं, आणि २०२० मधल्या बदलाची चिरफाडही त्यांनीच केली. पण हे फंक्शन स्वतः न बोलावणारे प्रोग्राम यात अडकले.

हे तुमच्याकडेही असंच आहे का, ते तपासायचं कसं? जुनं व्हर्जन असलेलं मशीन मिळालं तर त्यावर ब्राउझर, गाणी, सगळं बंद करून तोच प्रोग्राम चालवा. तिथेही तो रखडला तर निदान पक्कं. आमच्या श्रोत्यांच्या ऑफिसात १९०९ चा एक कॉम्प्युटर उरला होता, त्यावर नेमकं हेच झालं. मशीन जुनं नसेल तर ‘स्लीप १’ शंभर वेळा चालवा आणि ‘क्वेरी-परफॉर्मन्स-काउंटर’ने प्रत्येक वेळ मोजा. मोजणी आपल्याच प्रोग्रामच्या आतून करा, कारण आता प्रत्येक प्रोग्रामचा अनुभव वेगळा असू शकतो. आणि मोजायला ‘गेट-टिक-काउंट’ वापरू नका. त्याची स्वतःचीच पट्टी १० ते १६ मिलिसेकंदांची आहे.

पायथॉनवाल्यांनी जरा जपून. ३.११ पासून विंडोजवर ‘टाइम-स्लीप’ जास्त बारीक टायमर वापरतो. अपडेटच्या नादात विंडोज आणि पायथॉन एकाच दिवशी बदललंत, तर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. एका वेळी एकच बदला.

उपाय म्हणाल तर घाईचा हा: लूपच्या आधी ‘टाइम-बिगिन-पीरियड’ला एक सांगा, काम झालं की ‘टाइम-एंड-पीरियड’ने तोच आकडा परत करा. दिवसभर धरून बसू नका. विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून हाय रेझोल्यूशनचा वेटेबल टायमरही आहे, तो फक्त तुमच्यापुरता चालतो. पण खरा प्रश्न असा की तिथे झोप हवीच कशाला? स्क्रीन अडकू नये म्हणून असेल तर काम वेगळ्या थ्रेडवर टाका. दुसरं काही पूर्ण व्हायची वाट बघायची असेल तर इव्हेंटवर थांबा. श्रोत्यांना मी झोप काढूनच टाकायला सांगितलं, आणि मालकाला दाखवायला दोन्ही मशीनवरच्या मोजण्या एका कागदावर छापून न्यायला.

घाईचा उपाय करणार असाल तर आणखी एक. विंडोज ११ मध्ये प्रोग्रामची खिडकी मिनिमाइझ केली किंवा ती दुसऱ्या खिडकीमागे पूर्ण झाकली गेली, आणि त्याचा आवाजही येत नसेल, तर मागितलेले जलद ठोके मिळतीलच याची हमी नाही. कारखान्यात माणूस बटण दाबून खिडकी खाली टाकतो आणि चहाला जातो. तेव्हा चाचणी घेताना खिडकी मिनिमाइझ करूनही एकदा मोजा.