विद्यापीठाच्या अंगणातील कला

१८५७ या एकाच वर्षी मुंबईत दोन संस्था जन्माला आल्या. एक मुंबई विद्यापीठ आणि दुसरी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळा, म्हणजे आजचे ‘जेजे’. शहर एक, वर्षही एक. परंतु दोघींचे मार्ग दीर्घकाळ वेगळे राहिले. विद्यापीठ पदव्या देत असे, कलाशाळा पदविका. ज्ञान ही बुद्धीची बाब आणि कला ही हाताची, ही आपल्याकडे रुजलेली समजूत या विभागणीत स्पष्ट दिसते.

ही भिंत ओलांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न बडोद्यात झाला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि पाठोपाठ तेथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत तेथे अध्यापक होते. विद्यार्थी चित्र-शिल्पाबरोबरच कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्रही अभ्यासत. आपण काय करतो, याबरोबरच ते का करतो, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. विद्यापीठाने कलेला दिलेली ही खरी देणगी होय. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये सुरू झालेल्या ललित कला केंद्राने नाटक, संगीत आणि नृत्य या कलांसाठी असाच मार्ग स्वीकारला. गुरूकडील तालीम आणि विद्यापीठीय अभ्यास यांची सांगड तेथे घातली गेली.

परंतु विज्ञान, वाणिज्य वा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे काय? त्याचा कलेशी संबंध येतो तो बहुधा स्नेहसंमेलनात किंवा एकांकिका स्पर्धेत. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयीन तरुणांना रंगमंच देत आला आहे. तालमीत विद्यार्थी जे शिकतो, ते वर्गात सहसा मिळत नाही. दुसऱ्याचे वाक्य नीट ऐकणे, चूक सर्वांसमोर मान्य करून प्रवेश पुन्हा करणे, आपल्याहून वेगळ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहणे. मात्र हे सारे वेळापत्रकाबाहेर, वरच्या वर्गातील मुलांच्या उत्साहावर चालते. स्पर्धा संपली की सभागृहाला कुलूप लागते. भाग घेणारे मोजके असतात आणि उरलेले केवळ प्रेक्षक.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे चित्र बदलण्याची संधी दिली आहे. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला कलाविषयांसाठी श्रेयांक मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. धोक्याची जागाही येथेच आहे. श्रेयांक म्हणजे शिक्षण नव्हे. शिकवणारा नसेल, तर गायनाचा तास हजेरीपुरता उरेल आणि कार्यक्रमात खुर्च्या मांडल्याचे प्रमाणपत्रही गुणपत्रिकेत ‘कला’ म्हणून नोंदले जाईल.

म्हणून महाविद्यालयांकडे मागायचे ते थोडेच, पण ठोस असावे. कलेत मुरलेला, नियमित वेतन मिळणारा एक शिक्षक. वर्षभर उघडी राहणारी एक खोली. आणि वेळापत्रकात आठवड्याचे दोन हक्काचे तास. एवढे झाले तर १८५७ मध्ये वेगळ्या झालेल्या वाटा पुन्हा एकत्र येऊ शकतील. नाही तर कला पूर्वीप्रमाणेच वर्षातून एकदा, रोषणाईच्या माळांबरोबर बाहेर काढली जाईल आणि त्यांच्याबरोबरच पुन्हा पेटीत जाईल.