घामाचे भांडवल आणि पाहुण्यांची थापी

लोणावळ्याजवळ मळवलीनजीकच्या पाटण या खेड्यात २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस एक आगळे बांधकाम चालले होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, वय वर्षे ८२, आणि त्यांच्या पत्नी रोझलिन हे दोघे हाती थापी घेऊन इतर सुमारे दोन हजार स्वयंसेवकांसमवेत उन्हात राबत होते. साधारण आठवडाभराच्या अवधीत शंभर कुटुंबांची घरे उभी करावयाची, असा तो संकल्प होता. हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट मध्येच एक दिवस येऊन गेला आणि वृत्तपत्रांतली बरीचशी जागा त्याच्या वाट्याला गेली. घरे कोणासाठी होती, ती कोणत्या अटींवर मिळाली आणि ज्यांना मिळाली त्यांनी स्वतः किती माती उपसली, याविषयीचे कुतूहल त्या मानाने कमीच दिसले.

हा उपक्रम ज्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ संस्थेचा होता, तिच्या कार्यासंबंधी दोन टोकांची मते ऐकू येतात. परदेशातून पाहुणे येतात आणि गरिबाला घर बांधून देतात, केवढे हे औदार्य, असे एक मत. विमानाच्या भाड्यात जितके पैसे उडाले तितक्यात आणखी घरे झाली नसती काय, असे दुसरे. दुसऱ्या मतातील हिशेब चुकीचा नाही. ज्याने आयुष्यात कधी घमेले उचललेले नाही, त्याने दिवसभर रचलेली भिंत गावचा गवंडी दोन-तीन तासांत रचील, शिवाय ती ओळंब्यातही असेल. मजुरीचा दर पाहिला तर आपल्या देशात श्रमदानाने बांधलेली वीट ही कित्येकदा महागात महाग वीट ठरते. परदेशी पथकातील स्वयंसेवक आपला प्रवासखर्च स्वतः सोसतो आणि बहुधा संस्थेला देणगीही देतो, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. तथापि केवळ देणगीच हवी असती तर ती टपालानेही पाठविता आली असती. तेव्हा या थापीचे प्रयोजन अन्यत्र शोधावे लागते.

ते शोधण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात जावे लागेल. क्लॅरेन्स जॉर्डन हा शेतीशास्त्र शिकलेला आणि ग्रीक भाषेतील ‘नव्या करारा’चा व्यासंग केलेला गृहस्थ. त्याने १९४२ साली तेथे ‘कोइनोनिया’ नावाची सामुदायिक शेती सुरू केली. गोरे आणि काळे तेथे एकाच पंगतीला जेवत. एवढ्या अपराधासाठी पन्नाशीच्या दशकात भोवतालच्या व्यापाऱ्यांनी त्या शेतीवर बहिष्कार घातला, तिच्यावर गोळीबार झाले, रस्त्याकडेचे तिचे विक्रीकेंद्र स्फोटाने उद्ध्वस्त करण्यात आले. पंगतीचा आणि पाणवठ्याचा प्रश्न ज्या समाजात पेटला होता, त्या महाराष्ट्रातील वाचकाला ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. मिलर्ड फुलर या तरुण लक्षाधीशाने १९६५ च्या सुमारास आपल्या संपत्तीचा त्याग केला आणि तो पत्नी लिंडासह याच शेतीच्या आश्रयाला आला. जॉर्डन आणि फुलर यांनी मिळून १९६८ साली घरबांधणीची जी योजना आखली, तीत दोन सूत्रे होती. घरावर नफा घ्यावयाचा नाही आणि कर्जावर व्याज घ्यावयाचे नाही. परतफेडीचा हप्ता एका निधीत जमा होईल आणि त्यातून पुढचे घर उभे राहील. पहिले घर पुरे होण्यापूर्वीच, १९६९ च्या ऑक्टोबरात, जॉर्डनचे निधन झाले. पुढे काही वर्षे आफ्रिकेतील झाईरमध्ये हाच प्रयोग करून परतल्यावर फुलर दांपत्याने १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट’ची रीतसर स्थापना केली. भारतात तिचे काम १९८३ पासून, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम येथे सुरू झाले.

या योजनेत दानाला जागा फार थोडी आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. घर मिळणारे कुटुंब कर्जदार असते. त्याखेरीज त्याला आपल्या आणि शेजाऱ्याच्या घरावर काही ठराविक काळ प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि हे श्रम त्याचा वाटा म्हणून धरले जातात. यालाच ‘घामाचे भांडवल’ म्हणतात. पुढे संस्थेचा विस्तार जगभर झाला, तेव्हा देशपरत्वे अटी बदलल्या, कोठे थोडे व्याज आले, कोठे केवळ डागडुजीसाठी लहान कर्जे देण्यात येऊ लागली. परंतु ज्याचे घर त्याचे हात त्यात असावेत, हा आग्रह टिकून राहिला. स्वयंसेवक हा त्या हातांच्या जोडीला आलेला. त्याचे काम घर देण्याचे नाही.

कार्टर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८४ साली ते न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात प्रथम आले ते इतर स्वयंसेवकांबरोबर जॉर्जियाहून बसने. ओसाड पडलेली एक सहा मजली इमारत दुरुस्त करून तीत १९ कुटुंबांची सोय करावयाची होती. त्यानंतर दरवर्षी एक आठवडा त्यांनी या कामाला दिला, तो चौदा देशांत. २०१९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, घरात पडून कपाळाला टाके पडले असतानाही ते नॅशव्हिलच्या कामावर हजर झाले. २०२४ च्या डिसेंबरात ते निवर्तले. त्यांच्या आई लिलियन यांनी ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून १९६६ ते ६८ या काळात आपल्याच विक्रोळीत, गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात परिचारिकेचे काम केले होते, आणि तेही वयाच्या ६८ व्या वर्षानंतर. तेव्हा पाटणला आलेले हे पाहुणे अगदीच अनोळखी घरचे नव्हते.

परक्या हातांची ही उपयुक्तता महाराष्ट्राने याहीपूर्वी अनुभवली होती. पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, व्हर्दूंजवळच्या एका बेचिराख फ्रेंच खेड्यात श्रमशिबिर भरविले. त्यात जर्मन तरुणही होते, आणि शत्रुराष्ट्रातील माणसांच्या हातची घरे तेथील अधिकाऱ्यांना सहन न झाल्याने ते शिबिर गुंडाळावे लागले. हाच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन मुजफ्फरपूरच्या परिसरात गावे वसविण्याच्या कामी लागला. त्याच्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे स्वयंसेवक १९५४ च्या सुमारास वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले आणि कुष्ठरुग्णांच्या बरोबरीने त्यांनी तेथे इमारती उभारल्या. त्या भिंती गवंड्यांनी अधिक लवकर बांधल्या असत्या हे कोणीही मान्य करील. पण वरोऱ्याच्या नागरिकांनी पाहिले ते हे की, दूरदेशीची धडधाकट मुले रुग्णांशेजारी राबतात, राहतात आणि जेवतात. त्यांच्या मनातील भीती ओसरण्यास त्या सहवासाने मदत झाली. गवंड्याच्या मजुरीत हे मिळाले नसते.

मात्र यासाठी पाहुण्याने गवंड्याच्या हाताखाली काम करण्याची तयारी ठेवली पाहिजे. माल कालवणे, विटा भिजविणे, नव्या बांधकामावर पाणी मारणे ही कामे नवख्याला जमण्यासारखी असतात. कोपरा उचलणे आणि चौकट बसविणे ही जमण्यासारखी नसतात. छायाचित्रासाठी म्हणून कोपराच हाती घेणारे स्वयंसेवक पुढे त्या घरातल्या बाईला पावसाळ्यात गळती मोजावयास लावतात. आठवड्यात घर उभे करण्याच्या हौसेलाही मर्यादा आहे. सिमेंट कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे वाळत नाही. त्याला निदान सात दिवस तरी पाणी द्यावेच लागते, आणि म्हणूनच अशा बांधकामांत पाया व जोते पाहुणे येण्यापूर्वी स्थानिक मजुरांनी करून ठेवावे लागते. समारंभात त्या मजुरांची नावे सहसा वाचली जात नाहीत.

घरात राहणाऱ्याचा हात घरात नसला म्हणजे काय होते, हे लातूर-उस्मानाबादच्या भूकंपाने दाखविले आहे. ३० सप्टेंबर १९९३ नंतर सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ती बहुतांशी ठेकेदारांनी किंवा देणगीदार संस्थांनी बांधली. रुंद, सरळ रस्ते आणि एकासारखी एक घरे. वाडा, ढाळज, गुरांचा गोठा, भाऊबंदांची लागून असलेली घरे यांचा विचार त्या आराखड्यांत फारसा नव्हता. लोकांनी पुढे वर्षानुवर्षे पदरचे पैसे घालून त्या घरांत फेरफार केले. याउलट ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करावयाची होती, तेथे पैसा हप्त्यांनी थेट कुटुंबाच्या खात्यात गेला, अभियंता सल्ल्यापुरता राहिला, आणि गावोगावच्या ‘संवाद साहाय्यक’ स्त्रियांनी शासन व घरमालक यांच्यातील दुव्याचे काम केले. चौकटीची दिशा आणि चुलीची जागा तेथे घरच्या माणसांनी ठरविली.

शासनालाही ही गोष्ट उशिरा का होईना उमगली असावी. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत ठेकेदाराला मनाई करण्यात आली, आणि स्वतःच्या घरावर काम करणाऱ्या कुटुंबाला रोजगार हमीतून सपाट प्रदेशात ९० दिवसांपर्यंत मजुरी देण्याची तरतूद झाली. ज्या हमीचा कायदा प्रथम महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्याच कल्पनेतून घामाच्या भांडवलाला असा सरकारी दर मिळाला.

तरीही एक अडसर असा आहे की जो थापीने दूर होत नाही. घरासाठी जागा लागते, आणि सर्वांत गरजू कुटुंबाजवळ नेमकी तीच नसते. पारधी वस्ती गायरानावर असते, ऊसतोडणी कामगाराचे खोपट दुसऱ्याच्या बांधावर, कातकऱ्याचे झोपडे जमीनमालकाच्या मर्जीवर. उतारा नाही म्हणून कर्ज नाही, अनुदान नाही, संस्थेच्या यादीत नाव नाही. भूमिहीनांना जागा खरेदीसाठी साहाय्य देणारी योजना राज्यात आहे, पण गावठाणालगत त्या पैशात जागा विकणारा मिळावयास हवा, आणि वस्तीशेजारी कोणती जात नको याविषयी विकणाऱ्याची मते ठाम असतात. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी हिवाळ्यात भरतात आणि त्यांतील पुष्कळसे श्रम रस्त्याकडेचे गवत काढण्यात खर्ची पडतात. त्याच मुलांनी दहा दिवस एका वस्तीत बसून घरोघरचे दाखले, जुने अर्ज, अतिक्रमण नियमित करण्याची प्रकरणे जुळविली, त्यांच्या नकला केल्या आणि त्या कुटुंबांसोबत तलाठी व ग्रामसेवकांकडे जाऊन पोच घेतली, तर बांधकामाला पहिली वीट लागण्यापूर्वीचे काम होईल. त्यात छायाचित्र निघण्यासारखे काही नाही. पोचपावतीवर मात्र घरातल्या बाईचेही नाव घातले गेले आहे, एवढे त्यांनी पाहावे.