पिकअप घ्यायचा की छोटी व्हॅन?

छोटा धंदा जरा जमू लागला की घरात गाडीचा विषय निघतो. मग भाऊ, शेजारी, गॅरेजवाला, सगळे एकच सांगतात: "पिकअपच घे, कशालाही कामाला येतो." वायरिंगची कामं घेणारा असो, केटरिंगवाल्या काकू असोत, बेकरीवाला असो की फुलवाला, सल्ला तोच. माझं मत वेगळं आहे. यांतल्या बहुतेकांचं रोजचं काम इकोसारख्या छोट्या व्हॅनमध्ये कमी खर्चात होतं, आणि घरच्या माणसांसाठी तीच गाडी जास्त सुरक्षित ठरते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यामागच्या समजुती तपासून घ्यायला हव्यात.

"व्हॅनमध्ये दम नाही" ही पहिली समजूत. मारुतीची इको आणि त्याच कंपनीचा सुपर कॅरी हा छोटा ट्रक, दोन्हींत 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन आहे. पेट्रोलवर त्याची ताकद साधारण 80 अश्वशक्ती. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन 75 अश्वशक्तीच्या आसपास आहे, म्हणजे या आकड्यात व्हॅन मागे नाही. खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात आहे. इकोचा टॉर्क 104 न्यूटन-मीटर, बोलेरो पिकअपचा 195 ते 200. कांद्याच्या गोण्या भरून घाट चढताना हाच जोर कामी येतो आणि तिथे व्हॅन नेऊच नये. पण दोन-अडीचशे किलो सामान घेऊन गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो वापरायची वेळच येत नाही. जड गाडी ओढायचं डिझेल मात्र रोज जळतं.

"पिकअपमध्ये माल जास्त मावतो" हे वजनाच्या हिशेबाने खरं आहे. 2005 साली आलेल्या टाटा एसची, आपल्या छोटा हत्तीची, क्षमता पाऊण टन होती. बोलेरो पिकअप सव्वा टनाच्या पुढे जातो. व्हॅनची मजल अर्ध्या टनाच्या आसपास. पण पाव, खारी, फुलांच्या पाट्या, जेवणाचे डबे, कुरिअरची खोकी, शिवलेले कपडे हा माल जागा भरतो, वजन भरत नाही. त्याला वरून छप्पर आणि बाजूने कुलूप लागतं. जून ते सप्टेंबर कोकणात ताडपत्री बांधून पाव पोचवणाऱ्याला विचारा, रोज किती लाद्या ओल्या होऊन परत येतात. शिवाय पिकअपचे मागचे पाटे भरल्या वजनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. हौदा रिकामा असला की मागची बाजू उडते आणि ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड कमी होते. रोज एकीकडून रिकामं परतणाऱ्याने हे विसरू नये.

आता ज्या समजुतीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती: "पिकअप घरालाही चालतो, माणसं मागे बसतात." वऱ्हाड, जत्रा, देवदर्शन, शेतावरच्या बायका, सगळं हौद्यातून जातं. पण हौद्यात सीट नसते, पट्टा नसतो, धरायला असते ती फक्त कडेची फळी. जोरात ब्रेक लागला किंवा गाडी कलली की माणूस सरळ बाहेर फेकला जातो. आणि अपघातानंतरचं संकट वेगळंच. मालवाहू गाडीतून असे प्रवासी नेले आणि काही झालं, तर त्यांची भरपाई द्यायला विमा कंपनी कायद्याने बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केलं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांच्यासाठी कायद्यात तरतूद आहे. बाकीच्यांच्या भरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. एका अपघातात गाडी, धंदा आणि जमीन अशी तिन्ही जाण्याची वेळ येते. सीट असलेल्या प्रवासी व्हॅनमध्ये प्रत्येकाला जागा असते, पट्टा असतो आणि विम्यात त्या सीटांची नोंद असते. घर आणि धंदा एकाच गाडीवर चालवायचा असेल, तर मला हे एकच कारण पुरेसं वाटतं.

याची उलट बाजूही आहे. प्रवासी म्हणून पांढऱ्या नंबरवर घेतलेल्या व्हॅनच्या मागच्या सीटा काढायच्या आणि भाड्याने माल वाहायचा, हेही नियमात बसत नाही. गाडीत असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते, आणि भाड्याचा माल पिवळ्या नंबरच्या गाडीतूनच जायला हवा. पूर्णवेळ मालच न्यायचा असेल तर सरळ कार्गो मॉडेल घ्यावं.

परमिट आणि लायसन्सची भीती मात्र विनाकारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे, भरलेल्या गाडीचं एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. कार्गो व्हॅन त्यात आरामात बसते, मोठ्या पिकअपची काही मॉडेलं बसत नाहीत. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केलं. पासिंग आणि विमा मात्र वेळेवर हवाच.

व्हॅनचीही एक उणी बाजू आहे. तिचं नाक आखूड असतं, त्यामुळे समोरून धडक बसली तर चालकापुढे जागा फार कमी उरते. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला शून्य तारे मिळाले होते. 2025 पासून प्रवासी इकोत सहा एअरबॅग आल्या आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच किंमत आधी न विचारता कोणत्या सालची, किती एअरबॅगची हे विचारावं. एअरबॅगची सक्ती प्रवासी गाड्यांना आहे, मालवाहू गाड्यांना ती लागू नाही. तेव्हा कार्गो घेताना शोरूममध्ये नीट चौकशी करा, आणि चालकाच्या पाठीमागे लोखंडी जाळी आहे का तेही पाहा. ब्रेक लागल्यावर मागचं सामान पुढे येतं.

सिमेंट, सळई, लांब पाइप, शेतातून निघणारी भाजीची क्रेट, जनावरांचा चारा, हे ज्यांचं रोजचं आहे त्यांनी पिकअपच घ्यावा. वर्षातून चार वेळा जड माल येत असेल तर तेवढ्यापुरता टेम्पो भाड्याने मिळतो. आणि आपला माल नेमका सीमेवर आहे असं वाटत असेल, तर सध्या ज्या गाडीतून नेता ती आठवडाभर भरून वजनकाट्यावर न्या. आरसी बुकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. काट्यावरच्या आकड्यातून रिकामं वजन वजा केलं की आपला माल किती ते कळेल. मग घ्यायच्या गाडीचे तेच दोन आकडे विचारून घ्या. सीएनजी घेणार असाल तर टाकीचं वजनही माल नेण्याच्या क्षमतेतूनच कमी होतं.