महाराष्ट्रातील सेवाभावी संस्थेची स्थापना व नोंदणी

महाराष्ट्रात लोकहिताच्या कार्यासाठी नवी सेवाभावी संस्था मुख्यत्वे तीन प्रकारे स्थापन करता येते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील संस्था, न्यासपत्राद्वारे निर्माण केलेला सार्वजनिक न्यास, आणि कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी. पहिल्या दोन प्रकारांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. या कायद्याची अंमलबजावणी धर्मादाय आयुक्तांमार्फत होते.

उद्दिष्टे
दारिद्र्य वा आपत्तीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सार्वजनिक उपयुक्ततेची इतर कामे यांचा समावेश १९५० च्या कायद्याने धर्मादाय प्रयोजनांत केला आहे.

दुहेरी नोंदणी
१८६० च्या कायद्यानुसार संस्था स्थापन करण्यासाठी किमान ७ व्यक्ती आवश्यक असतात. संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि कार्यकारी मंडळाच्या सदस्यांची नावे, पत्ते व व्यवसाय विधानपत्रात नमूद केले जातात. त्यासोबत नियमावली जोडली जाते. १९५० च्या कायद्यातील 'सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था' या संज्ञेत अशा धर्मादाय संस्थाही येत असल्याने त्यांना न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते. न्यास निर्माण झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज करणे बंधनकारक आहे. न्यास सार्वजनिक आहे काय, त्याची मालमत्ता कोणती, विश्वस्त कोण आणि त्यांचे उत्तराधिकारी कसे नेमले जातील, याची चौकशी होऊन निष्कर्षांची नोंद नोंदवहीत केली जाते. नोंदणी नसलेल्या न्यासाच्या वतीने हक्क बजावण्यासाठी केलेला दावा न्यायालयात चालू शकत नाही.

नियमावलीचे महत्त्व
संस्थेची मालमत्ता संस्थापकांच्या खाजगी मालकीची राहत नाही. स्थावर मालमत्ता विकण्यासाठी वा गहाण ठेवण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्था विसर्जित झाली तरी शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. त्यामुळे कारभाराचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न कळीचा ठरतो. विश्वस्तांमधील प्रत्येक बदल ९० दिवसांच्या आत बदल अर्जाद्वारे कळवावा लागतो. हे अर्ज प्रलंबित राहिल्यास नोंदवहीत जुनीच नावे राहतात आणि प्रत्यक्ष काम पाहणाऱ्यांच्या अधिकाराविषयी वाद उद्भवू शकतो. मंडळाची मुदत, सभेची सूचना, गणसंख्या, सभासदत्वाच्या अटी आणि रिक्त जागा भरण्याची पद्धत या बाबी नियमावलीत आरंभीच स्पष्ट असल्यास असे वाद सोडवणे सुकर होते.

इतर नोंदण्या
धर्मादाय कार्यालयातील नोंदणीने आयकरात आपोआप सूट मिळत नाही. संस्थेच्या उत्पन्नावरील सवलत आणि देणगीदारांना मिळणारी वजावट यांसाठी आयकर विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावे लागतात. परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१० खाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी वा पूर्वपरवानगी आवश्यक असते.